रडायचं काम आधी घेऊ नका

हिंजवडीला कंपनीत कामाला असणाऱ्या मुली रविवारी आमच्याकडे येतात. हॉस्टेलवर राहतात, कुणी अमरावतीची, कुणी यवतमाळची. माझी मुलगी सिनेमाला, सिरियलींना आवाज देते हे त्यांना कुठून तरी कळलेलं असतं, आणि त्यांनाही त्या लाइनीत शिरायचं असतं. मुलगी बरेचदा रविवारीही कामावरच असते. मग त्या माझ्यापाशी बसतात. म्हणतात, "आजी, तुम्हाला काय माहीत आहे ते सांगा." मी दुसरी शिकलेली बाई. पण आवाज भरतात त्या काचेच्या खोलीबाहेरची फरशी मी अकरा वर्षं पुसली आहे, म्हणून सांगते.

उपाशीपोटी माइकसमोर जाऊ नका. पोटातली गुरगुर आपल्याला ऐकू येत नाही, माइकला येते. बांगड्या पर्समध्ये. खळीची ओढणी नको, ती कुरकुरते आणि मग सगळं परत करायला लावतात. शाळेचे, कॉलेजचे मूळ कागद कुणी 'जमा करा' म्हटलं तर झेरॉक्स द्यायची आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं. ऑडिशन हॉटेलच्या खोलीत आहे म्हणाला तर बस पकडून घरी यायचं. एवढ्यावर मुली हसतात, मान डोलावतात. मग मी म्हणते, पहिलं काम रडायचं मिळालं तर घेऊ नका. त्याच्यावर कुणी हसत नाही, पण ते कुणाला पटतही नाही. म्हणून ते पहिल्यापासून सांगावं लागतं.

आम्ही लातूरकडचे. आमचे हे भोसरीला कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तसे ते वारज्यात नव्या बिल्डिंगवर वॉचमन झाले, आणि तिथंच छातीच्या दुखण्यानं गेले. मुलगी तेव्हा अकरावीला होती. मी चार घरची भांडी करत होते. त्यातल्याच एका बाईंनी मला स्टुडिओत लावून दिलं. स्टुडिओ म्हणजे काय, कर्वेनगरात एका बंगल्याचं गॅरेज होतं. आत भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मधे काच. दारावरचा लाल दिवा लागला की श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा.

तिथं मशीन सांभाळणारे एक सर होते. कमी बोलायचे, पण माणूस बरा असावा असं मला वाटायचं. 'असावा' म्हणते, कारण तिथं कुणाबद्दल पक्कं काही म्हणायची मला भीती वाटायची. सगळे गोड बोलायचे. आवाज देणाऱ्या बाया एकमेकींना 'डार्लिंग' म्हणायच्या, आणि एक आत गेली की बाहेर दुसरी म्हणायची, हिला कशी गं बोलावतात.

माझी मुलगी घराची किल्ली न्यायला यायची आणि तिथंच जिन्यावर बसून ऐकत राहायची. एकदा सरांनी तिला पेपर वाचायला दिला. ती 'पानी' म्हणाली. सर म्हणाले, "पाणी. जीभ वर लाव." रोज थोडं थोडं करत त्यांनी तिची जीभ सुधारून घेतली. मी लांबून फडकं मारत बघायचे. फुकट कोण शिकवतं, असं मनात यायचं. म्हणून ती आत असली की मी तिथलीच फरशी तीनदा पुसायचे.

सरांच्या ते लक्षात आलं होतं. एक दिवस म्हणाले, "मावशी, ही फरशी झिजेल आता."

मी म्हटलं, "झिजू दे. फरशीच आहे."

मुलीचं मन मात्र तिथं लागलं. तिला कुणाची तरी बोलणारी बाई व्हायचं होतं. डॉक्टरीण, मास्तरीण, काहीही, पण बोलणारी. सर म्हणायचे, आवाज आहे, घाई करू नको.

मग एका सिरियलीचं काम आलं. त्यात गावचा पाटील मरतो आणि त्याची बायको रडते. पडद्यावर रडणारी बाई नुसती तोंड वेडंवाकडं करत होती, आवाज इथं भरायचा होता. दोघीतिघींनी करून बघितलं. पुण्याच्या बाया त्या. शेजारी ऐकू जाऊ नये एवढंच रडल्या.

सर बाहेर आले. "मावशी, तुमच्याकडं कसं रडतात?"

आमच्याकडं हेल काढून रडतात. गेलेल्या माणसाला हाका मारत, त्याच्या गोष्टी सांगत. पण घरात मयत नसताना तसा आवाज काढत नाहीत, वाईट असतं. मी तसं सांगितलं.

"अहो, खोटंच आहे ते."

"खोटं असलं तरी आवाज खराच निघतो ना?"

तेवढ्यात जिन्यावरून मुलगी म्हणाली, "सर, मी करते."

मी नको म्हटलं. ती म्हणाली, "आई, आज नाही म्हटलं तर हे मला परत विचारतील का?" मी दारातून बाजूला झाले.

ती आत गेली. लाल दिवा लागला. मी बाहेर बादली घेऊन उभी. दार जुनं होतं, खाली दोन बोटांची फट. त्यातून आवाज यायला लागला. ते तिचं रडणं नव्हतं, माझं होतं. ह्यांच्या वेळेला मी जशी रडले होते तसंच्या तसं. मधे दम खाताना मी आवंढा गिळते, तोसुद्धा. पोरीनं त्या दिवशी कोपऱ्यात बसून सगळं ऐकून ठेवलं होतं. माझ्या हातातून बादलीची कडी सुटली आणि टण्णकन बादलीवर आपटली. नेमकी ती दम खायला थांबली होती तेव्हा.

मला वाटलं, आता सर बाहेर येतील. कुणी आलं नाही. आत सगळे मुलीच्या रडण्यानं गपगार झाले होते. मी पण गप्प बसले. त्या नोकरीवर आमचं घर चालत होतं, मी कशाला सांगते की मी आवाज केला.

नंतर स्टुडिओचे साहेब रजिस्टर घेऊन आले. त्यात कुणी काय आवाज दिला ते लिहायचे आणि समोर नाव, सही. मी मधे पडले. म्हटलं, "साहेब, हिचं नाव नका लिहू ह्याच्यापुढं." मयताच्या रडण्यापुढं जित्या, लग्नाच्या पोरीचं नाव लिहायचं, हे माझ्या जिवाला नको वाटलं. मुलीनंही माझ्याकडं बघून मान हलवली. साहेब हसले. "बरं, तुम्ही म्हणाल तसं." त्यांनी लिहिलं, 'रडणारी बाई, गावाकडची.' सहीची जागा मोकळी राहिली. ते इतक्या पटकन हो म्हणाले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. बाकी सगळ्यांवर घेतला, नेमका तिथं नाही घेतला.

घरी आल्यावर मी तिला डोक्यावरून पाणी घातलं, मयतावरून आल्यावर घालतात तसं. तिनंही घालून घेतलं.

पुढं तिला बोलावणी येत राहिली. आम्हाला वाटलं, गाडी रुळाला लागली. पण प्रत्येक वेळी रडायलाच. कुणाचा भाऊ मेला, कुणाचं घर जळालं. कधी मधे 'नाही' किंवा 'अहो' एवढाच शब्द. तिनं साहेबांना विचारलं, मला बोलायचं काही द्या ना. साहेब म्हणाले, "अगं, बोलणाऱ्या पन्नास आहेत. तुझ्यासारखं रडणारं पुण्यात कुणी नाही."

घरी येऊन तिनं मला हे खुशीत सांगितलं. मी म्हटलं, "हे कौतुक नाही. तुला दारात उभी करून ठेवलंय."

"तुला सगळ्यातच काळं दिसतं, आई."

"दिसतं. अजून डोळे शाबूत आहेत."

मग टेपा गेल्या आणि स्टुडिओत कॉम्प्युटर आला. तो आला तशी तिची बोलावणीही बंद झाली. रडायलासुद्धा कुणी बोलवेना. मुलीला वाटलं, आपला आवाज बिघडला. गरम पाणी पी, ज्येष्ठमध चघळ, सकाळी उठून आ-ऊ कर, सगळं चाललं. तोंड एवढंसं झालं तिचं. सरांना विचारलं तर म्हणाले, हल्ली कामच कमी आहे. पण मी तर तिथंच होते. काम कमी नव्हतं. चपला ठेवायला जागा नसायची.

एक दिवस संध्याकाळी शेजारणीकडे टीव्ही बघत होते. कुठलीतरी दुसरीच सिरियल, हिंदीतली मराठीत केलेली. त्यात एक राणी नवऱ्याच्या मढ्यावर पडून रडायला लागली. मी ताठ बसले. शेजारीण म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "गप बस जरा." राणी दम खायला थांबली. आवंढा गिळला. आणि टण्ण.

राजवाड्यात बादली कुठून आली?

घरी येऊन मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "रडणं सगळ्यांचं सारखंच असतं, आई." मग मला कडीचं सांगावं लागलं, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं.  दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग परत लागला, तेव्हा शेजारणीकडे बसून तिनं स्वतः ऐकलं. तेव्हा कुठं तिला कळलं, की तिला बोलवत का नाहीत. टेपांवरचं तिचं रडणं आता त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये होतं. पाहिजे तेव्हा काढायचे आणि पाहिजे त्या बाईच्या तोंडात घालायचे. ती कशाला लागते?

आम्ही दोघी साहेबांपुढं जाऊन उभ्या राहिलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, रजिस्टर काढलं, पान उघडलं. "कुठं आहे तुझं नाव? दाखव."

मी म्हटलं, "ते मीच नको म्हटलं होतं."

"मग झालं तर."

"पण आवाज हिचाच आहे. मधे माझी बादली वाजली आहे. लावून बघा."

साहेबांनी सरांना बोलावलं. मला वाटलं, सर नाही म्हणतील, त्यांनाही नोकरी आहे. पण त्यांनी मुकाट्यानं लावलं. आवंढा, मग टण्ण. सर म्हणाले, "आहे. मला वाटायचं माझ्या मशीनचाच काही दोष."

साहेब माझ्याकडं वळले. "म्हणजे माझं रेकॉर्डिंग तुम्ही खराब केलंत, आणि आता तोच पुरावा म्हणून आणलात. छान."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

मुलगी म्हणाली, "साहेब, मला झालं गेलं काही नको. मला बोलायचं काम द्या."

"बघू," साहेब म्हणाले.

पुण्यात 'बघू' म्हटलं की घरी जायचं असतं. आम्ही गेलो. आठवड्याभरात माझ्या जागी दुसरी बाई आली, स्वतःचं फडकं घेऊन.

निघताना सरांनी मुलीला कागदावर दुसऱ्या एका स्टुडिओचा पत्ता लिहून दिला. एवढंच म्हणाले, "तिथं पहिल्या दिवशी जे करशील तेच तू होशील. जपून कर." माणूस बरा होता. आता 'असावा' म्हणत नाही.

मुलगी तिथं गेली आणि तिनं दारातच सांगितलं, मी रडत नाही. दुसरं काहीही करते. ते म्हणाले, कळवतो. किती महिने काही कळवलं नाही. मधे एकदा निरोप आला तो रडण्याचाच, पाच मिनिटांचं काम आहे म्हणाले. घरात माझी कमाई नव्हती. मी तिला हो म्हण म्हटलं नाही आणि नाही म्हणही म्हटलं नाही. स्वयंपाक करत राहिले. ती फोनवर म्हणाली, "नाही जमणार." मग तिनं हिंजवडीच्या कंपनीत फोनवर बोलायची नोकरी धरली. कंपनीची बस कात्रजच्या बायपासवरून यायची, वारज्याच्या पुलापाशी तिला घ्यायची. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायची आणि वर गोड बोलायची. मला वाटलं, संपलं आता ते आवाजाचं.

मग सरांनी पत्ता दिलेल्या त्याच स्टुडिओतून बोलावणं आलं. एक मंडईतली बाई, गिऱ्हाइकाशी भांडणारी. मोजून चार वाक्यं. त्यांनी कागद पुढं केला. मी सोबत होतेच. तो कागद मी तिला वाचू दिला, आणि मग खाली उतरून मेडिकलवाल्याकडून वाचून घेतला. मुलींनो, कागद दोन माणसांकडून वाचून घ्यायचा, आणि ती दोघं एकमेकांना ओळखत नसावीत. दोघांचं सारखं आलं तरच सही. वर जाऊन मी विचारलं, "हा आवाज अजून कुठं वापरणार?" तिथला माणूस म्हणाला, "मावशी, आजपर्यंत कुणी असं विचारलं नाही." मी म्हटलं, "म्हणूनच विचारते." त्यानं हाताने खाली लिहिलं, ह्याच कामापुरता. ते पण मी वाचून घेतलं.

आता म्हणे कंपन्या दोन-दोन दिवस बसवून नुसती वाक्यं वाचून घेतात, मशीनला बोलायला शिकवायला. चांगलं ठिकाण, थंडगार खोली, येता-जाता गाडी. तिथं तर हे जास्तच मोठ्यानं विचारा.

तर ती आत गेली. मी बाहेर चपलांच्या मांडणीशेजारी बसले. आतून तिचं भांडण ऐकू येत होतं, मेथीच्या जुडीवरून. पाच मिनिटं झाली असतील. तो माणूस हसत बाहेर आला. "मावशी, आम्ही हिला परत बोलवणार."

मी म्हटलं, "कशाला, ते आधी सांगा."

"भांडायला."

मी विचार केला. भांडणाऱ्या बाईला निदान वाक्यं असतात. म्हटलं, "चालेल."

वर्षभर ती नुसती भांडली. मग एकदा त्यांना वकीलबाई पाहिजे होती, भांडता येतं म्हणून हिलाच घेतलं. तिथून पुढं मास्तरीण, मग एक सासू, मुलांच्या कार्टूनमध्ये एक म्हैस. परवा तिला कुणीतरी फोनवर विचारत होतं, रडायचा सीन आहे, कराल का. ती म्हणाली, "रडायच्या आधी आणि नंतर ती बाई काय बोलते, ते पाठवा. मग सांगते."