आईने ज्याला हात केला

समुद्राकाठच्या रस्त्यावर ज्या उंच इमारती एकीला एक खेटून उभ्या आहेत, त्यांतल्या निम्म्याअधिक ढगोबाच्या हाताखालून गेलेल्या. होडीच्या शिडासारखा माथा वाकलेली बँकेची इमारत, संध्याकाळी जिच्या निळ्या काचांत अख्खा सूर्य बुडतो ते हॉटेल, आणि वर मधोमध आरपार भोक असलेली, जिला सगळे सुईच म्हणतात ती. ढगोबा टॉवर क्रेन चालवायचा. इमारत जेवढी वर जाईल त्याच्याही वर, काड्यापेटीएवढ्या केबिनमध्ये दिवसभर बसायचा आणि सळया, काँक्रीट, काचा खालून अलगद उचलून हव्या तिथे ठेवायचा. त्याचं खरं नाव साइटवर कुणाला ठाऊक नव्हतं. तोही ढगोबा या नावावर खूश होता. खाली काम करणाऱ्यांना तो 'जमिनीवरची मंडळी' म्हणायचा, आणि म्हणताना नाक जरा वर जायचं.

घरी बायको होती, आई होती. मोतीबिंदूने आईच्या डोळ्यांत सगळं दुधाळ झालं होतं. संध्याकाळी ती त्याला जवळ बसवून विचारायची, "आज वरून काय दिसलं रे?" मग तो सांगायचा. दूर अडकलेलं जहाज, पाण्यावर सरकणारी ढगाची सावली, हॉटेलच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. आई ते सगळं दुसऱ्या दिवशी शेजारणींना तिखटमीठ लावून सांगायची.

ते झालं एका अगदी स्वच्छ सकाळी. वारा नाही, धुकं नाही. किनाऱ्यावरच्या सर्वांत उंच इमारतीचं काम चाललं होतं. ढगोबा चहाला म्हणून शिडीने उतरत होता आणि अर्ध्यावर त्याला वाटलं, क्रेनचा सांगाडाच समुद्राकडे झुकतोय. झुकत काहीच नव्हतं. पण त्याच्या हातांनी शिडी धरली ती सोडेनात. त्याने हातांना समजावलं, दटावलं, शिव्या घातल्या. हात ऐकेनात. खाली माणसं जमली. शेवटी चष्मेवाला वर चढला. हा दुसरा क्रेन ऑपरेटर, वयाने लहान, मितभाषी. त्याने ढगोबाच्या कमरेला पट्टा बांधला, स्वतः खाली राहून त्याचा एकेक पाय हाताने धरून पुढच्या पायरीवर ठेवला. लहान मुलाला जिना उतरायला शिकवावं तसा. ढगोबा जमिनीवर पोचला तेव्हा त्याची पँट ओली झालेली होती आणि ती सगळ्यांनी पाहिली.

कुणी हसलं नाही. सुपरवायझर म्हणाला, "पोटबिट बिघडलं असेल, घरी जा." हसले असते तर त्याने कुणाचं तरी थोबाड फोडलं असतं. या चांगुलपणापुढे काय करणार?

परत शिडीला हात लावला की घाम फुटायचा. दोनतीनदा प्रयत्न केल्यावर सुपरवायझरने त्याला सिग्नलमन केलं. म्हणजे खाली उभं राहायचं, भार नीट बांधलाय का बघायचं आणि वॉकीटॉकीवरून वरच्याला सांगायचं. वर आता चष्मेवाला बसायचा. ढगोबा गप्पा मारेनासा झाला. डबा एकटाच खायचा, भिंतीकडे तोंड करून.

घरी त्याने हूं की चूं केलं नाही. पण आई विचारायची राहते थोडीच? मग तो चहाच्या वेळी चष्मेवाल्याकडे जाऊन उभा राहायचा. "आज वरून काय दिसलं?" चष्मेवाला आधी बुचकळ्यात पडला, मग सांगू लागला. कधी मासेमारीच्या होड्या, कधी पुलावरची गाड्यांची रांग. ढगोबा ते मनात घोळवत घरी न्यायचा आणि आपलं म्हणून आईच्या पदरात टाकायचा. जेवताना ते आठवलं की तो अर्ध्या ताटावरून उठायचा.

अशात आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसले, आणि ती पहिलं वाक्य बोलली ते हे, "आता मला तुला वर बसलेला बघायचंय."

त्याने साइटवर बाहेरच्यांना सोडत नाहीत म्हणून पाहिलं, ऊन फार असतं म्हणून पाहिलं. आई कसली ऐकते. एका दुपारी ती सुनेचा हात धरून थेट समोरच्या फुटपाथवर येऊन उभी राहिली, निळी छत्री डोक्यावर.

ढगोबा फाटकापाशीच होता. छत्री ओळखताच तो सिमेंटच्या विटांच्या थप्पीमागे बसला. उकिडवा, हेल्मेट डोळ्यांवर ओढून. वॉकीटॉकी तोंडाशी धरली आणि हळूच म्हणाला, "रस्त्यापलीकडे निळी छत्री दिसते का?"

"दिसते."

"तिला हात कर."

"कोण आहे?"

"आई."

"तुमची?"

"हो."

साइटवर वॉकीटॉकी एकाच्याच हातात नसते. सळया बांधणाऱ्यांनी ऐकलं, सुपरवायझरने ऐकलं. वर केबिनची खिडकी उघडली आणि हातमोजा घातलेला एक हात बाहेर येऊन हलला. आईने छत्री सुनेच्या हातात कोंबली आणि दोन्ही हात उंचावून हलवू लागली. मान एवढी मागे टाकलेली की पडते की काय.

बायको मात्र वर बघत नव्हती. थप्पीमागून डोकावणारी पाठ तिने ओळखली होती, त्या शर्टाचं ठिगळ तिनेच लावलेलं. तिने काही न बोलता सासूच्या खांद्याला धरलं आणि तिला समुद्राच्या बाजूला वळवलं. "चला आई, ऊन लागेल."

जेवताना आई म्हणाली, "एवढ्या लांबून तुझा हात ओळखला मी." ढगोबा भात कालवत राहिला.

भांडी घासताना बायकोने विचारलं, "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"ती पँट तुम्ही स्वतः धुतलीत, त्या दिवसापासून?"

त्याने ओली वाटी फडक्याने पुसायला घेतली.

"जन्मात कधी रुमाल धुतला नाहीत. मला तेव्हाच वाटलं होतं. म्हटलं, सांगतील." तिने ताट उपडं घातलं. "मी गप्प राहीन. पण आईंना मी खोटं सांगणार नाही."

आईने तोवर गल्ली डोक्यावर घेतली होती. दोन शेजारणी बघायला यायचं म्हणत होत्या. मग एका सकाळी, कामावर जायच्या आधी, त्याने आईसमोर बसून सगळं सांगून टाकलं. शिडी, पँट, विटांची थप्पी, चष्मेवाल्याकडून आणलेल्या गोष्टीसुद्धा.

आईने आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे मी परक्याला हात केला."

"हो."

"आणि ओळखला म्हणाले." तिचा चेहरा पडला. आपल्यामुळे आईलाही मान खाली घालावी लागली, हे त्याला शिडीवरच्या त्या सकाळपेक्षा जड गेलं. मग तिने विचारलं, "त्याला आई आहे?"

"माहीत नाही."

"रोज त्याच्याकडून मागून आणत होतास, आणि एवढं नाही विचारलंस?"

त्या दिवशी चहाला त्याने विचारलं. चष्मेवाला चष्मा पुसत म्हणाला, "आहे ना, गावी असते. तिला सांगितलंय, मी खाली फरश्या बसवतो. वर असतो कळलं तर तिला झोप लागायची नाही."

ढगोबाने आपल्या डब्यातली अर्धी पोळी त्याच्यापुढे सरकवली. चष्मेवाल्याने ती घेतली.

आईने शेजारणींना काय सांगितलं ते त्याने विचारलं नाही. पण त्यांनी साइट बघायला यायचं पुन्हा काढलं नाही, आणि आईने गल्लीत मुलाचा विषय काढणं सोडलं. ती त्याला एका शब्दानेही बोलली नाही. इमारत पुरी झाली, क्रेन सुटी होऊन ट्रकांवर चढली. ढगोबा दुसऱ्या साइटवर गेला, तिथेही खालीच. नव्या लोकांनी नाव विचारलं तेव्हा त्याने खरं नाव सांगितलं. ते त्याला स्वतःलाच कानाला परकं वाटलं.