वडिलांची गाणी आणि माझी जावास्क्रिप्ट

वडील दौंडला रेल्वेत होते, पण गावाकडे, वडगाव रासाईला, लोक त्यांना ओळखायचे ते गायन पार्टीमुळे. भीमजयंतीला, लग्नाकार्यात ते स्वतः रचलेली गाणी म्हणायचे. यवतचे एक मामा ढोलकीवर साथ करायचे. पुढे वडील निवृत्त झाले, मामांचे गुडघे धरले आणि पार्टी थांबली.

मी तेव्हा शिरूरला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायचे. ही गाणी इंटरनेटवर ठेवावीत असं मनात आलं. सुट्टीच्या दिवशी वडील म्हणून दाखवायचे आणि मी टाइप करायचे. वेबसाइट बनवायला मी स्वतःच शिकले. पान हलतं-बोलतं करणारी जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी स्क्रिप्ट, नुकतीच जमायला लागली होती, त्यामुळे जिथे-तिथे तीच. पान उघडलं की 'जय भीम' लिहिलेली चौकट पुढे यायची. माऊसच्या मागे निळ्या चांदण्या धावायच्या. गाण्यांची यादीसुद्धा स्क्रिप्टच उलगडायची. वडिलांना चांदण्या फार आवडल्या. "मामाला दाखवू," ते म्हणाले.

आम्ही एसटीने यवतला गेलो आणि मामांना हायवेवरच्या नेट कॅफेत घेऊन गेलो. पान उघडलं. वर वडिलांचं नाव आलं, खाली नुसता निळा रंग. मी दोनदा रिफ्रेश केलं.

"नाव झ्याक दिसतंय," मामा म्हणाले. "पण गाणी कुठं हायती?"

कॅफेवाल्याने येऊन पाहिलं. "जावास्क्रिप्ट बंद ठेवलीय, ताई. चालू केली की जाहिरातींच्या खिडक्या उघडत बसतात."

मला रडूच यायचं राहिलं. परतीच्या एसटीत वडील म्हणाले, "कार्यक्रमात माइक बंद पडायचा, तवा आम्ही गाणं थांबवत न्हवतो. लोक जरा पुढं सरकून बसायचे, एवढंच. तुझ्या पानाला तसं जमंल का?"

जमण्यासारखं होतं. मी चौकट आणि चांदण्या काढून टाकल्या. यादी साध्या लिंकची केली आणि प्रत्येक गाणं पानावरच लिहिलं, म्हणजे स्क्रिप्ट असो-नसो, ते दिसणारच. जावास्क्रिप्ट एकाच ठिकाणी ठेवली, अक्षर मोठं करायच्या बटणाला. ते बटणही स्क्रिप्टच तयार करायची. जिथे ती बंद, तिथे बटणच नाही, उगाच दाबून कुणी फसायला नको. चांदण्या गेल्याचं वडिलांना वाईट वाटलं, पण पान आता पटकन उघडत होतं.

पुन्हा यवतला गेलो. तोच कॅफे, स्क्रिप्ट तशीच बंद. या वेळी यादी आली. मी एक गाणं उघडलं आणि ब्राउझरच्या मेनूतून अक्षर मोठं केलं. मामा एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागले, आणि वाचता वाचता त्यांची बोटं टेबलावर ठेका धरू लागली. वडिलांनी हळूच सूर लावला. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने कानातला हेडफोन काढला.

गाणं संपल्यावर मामा म्हणाले, "ह्यात एक कडवं ऱ्हायलंय. शाळंत जाणाऱ्या पोरींचं."

वडिलांना ते आठवेना. मामा अडखळत म्हणू लागले, आणि मी कीबोर्ड जवळ ओढला.