टपातला पंखा मी सरळ केला

चहा घ्या, मग सांगतो. हसायचं असेल तर शेवटी हसा, मध्येच हसलेलं मला चालत नाही. माझी फजिती मी स्वतःच सांगतो, कारण दुसऱ्याने सांगितली की तिला पाय फुटतात.

मी वायरमन. शाळा सातवीला सुटली आणि हातात टेस्टर आला. नारायण पेठेत चाळीस वर्षं पंखे दुरुस्त केले, तिथे मला सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी लावलेला पंखा घर पडलं तरी पडायचा नाही, असं लोक म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मीच म्हणायचो.

माझी मुलगी वैशाली आणि जावई संदीप हडपसरला राहतात. दोघेही कॉम्प्युटरवाले. त्यांनी एक जुनी सतरा सीटची गाडी घेतली, सीटा काढून टाकल्या आणि आत घर केलं. पलंग, ओटा, गॅस, बेसिन. याला म्हणे मोटरहोम म्हणतात. सुट्टीला जाणाऱ्यांना ती भाड्याने द्यायची. पहिलं गिऱ्हाईक रविवारी येणार होतं, कोथरूडच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना गाडी पसंत पडली तर सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जाणारा अख्खा गट मागोमाग येणार. नाही पडली, तर तेही अख्ख्या गटाला कळणार.

काम एकच राहिलं होतं. टपातला, म्हणजे गाडीच्या छतातला पंखा. गाडी बांधणारा मिस्त्री टपाला चौकोनी भोक पाडून गावाला निघून गेला होता. संदीप दुसरा माणूस शोधायला लागला.

"घरात वायरमन बसलाय आणि तुम्ही बाहेर शोधताय?" मी विचारलं.

"बाबा, हा बॅटरीवर चालतो. बारा व्होल्ट. जरा वेगळं असतं."

"दोनच वायरी ना?"

"दोनच."

"मग वेगळं काय? दोनशे तीस व्होल्टशी मी चाळीस वर्षं संसार केलाय. बाराची काय कथा."

शनिवारी त्याला ऑफिसचं काम निघालं आणि मी शिडी लावली.

काम चोख केलं, हे आधी लिहून ठेवा. चौकट बसवली, कडेने सिलिकॉन भरलं, वायर नळीतून ओढली, फ्यूज टाकला. लालला लाल, काळीला काळी. बटण दाबलं. पंखा फिरला.

पण वारा नाही. पलंगावर उताणा पडून पाहिलं, झुळूकसुद्धा नाही. हातरुमाल वर धरला, तर तो जाळीला जाऊन चिकटला. मी लगेच ओळखलं. पंखा उलटा फिरतोय.

आता तुम्हीच सांगा, छताच्या पंख्याने काय करायचं असतं? वारा खाली टाकायचा. वाइंडिंगचा जोड चुकला की पंखा उलटा फिरतो. गिऱ्हाईक म्हणतं वारा लागत नाही, आणि मी वायरी बदलून देतो. असे किती पंखे मी सरळ केले, त्याचा हिशोब नाही. भिंतीतला पंखा हवा बाहेर टाकतो, छतातला खाली. हा छतात होता. विषय संपला.

"कारखान्यातच उलटा भरलाय," मी वैशालीला म्हणालो.

"बाबा, सोबत पुस्तिका आलीय. वाचू का?"

"पंखा वाचून फिरतो का?"

तिने पुस्तिका मिटली. मुलगी इंजिनिअर आहे, पण बापासमोर कधी गप्प बसायचं हे ती घरीच शिकली.

मी लाल वायर काळीला जोडली, काळी लालला. टेप गुंडाळला, छताची फळी स्क्रूने घट्ट केली. वारा असा सुटला की पलंगावरची चादर हलली. थोडी धूळही आली. ताजी हवा बाहेरून येणार म्हटल्यावर धूळ येणारच. संध्याकाळी संदीपचा फोन आला.

"पंखा चालला का, बाबा?"

"असा चाललाय की आठवण काढाल."

रविवारी बाई आल्या. बरोबर त्यांचे यजमान होते. ते काही बोलले नाहीत, सवय नसावी. बाईंनी प्रत्येक खण उघडून बंद केला, पलंग दाबून पाहिला आणि ओट्यापाशी थांबल्या.

"आम्ही बाहेरचं खात नाही. इथे फोडणी केली तर धूर जातो कुठे?"

"काकू, टपात पंखा आहे," संदीप म्हणाला. "सगळा धूर वर ओढून बाहेर टाकतो."

मी दारात उभा होतो. 'वर ओढून' हे ऐकलं आणि मला कालच्या लाल-काळ्या वायरी आठवल्या. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. म्हटलं, चमचाभर मोहरी टाकतील, कोणाला कळतंय? तेवढ्यात बाईंनी पर्समधून सुक्या लाल मिरच्यांची पिशवी काढली.

"दार उघडं असू द्या," मी म्हणालो.

"दार उघडं ठेवलं तर परीक्षा कसली?" बाईंनी दार लावलं, खिडक्याही लावल्या.

मी पंखा एकवर ठेवला. संदीपने तीनवर नेला.

तेल तापलं, मिरच्या पडल्या. धूर उठला, सरळ पंख्यापाशी गेला आणि पंख्याने त्याला ढकलून खाली पाठवलं. आधी बाईंकडे, मग सगळ्यांना सारखा. पाच माणसं, एक गाडी आणि खोकला. यजमान पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "दार."

बाहेर येऊन बाईंनी पदराने डोळे पुसले. "पंखा गुणी आहे. कोणालाही उपाशी ठेवत नाही."

"बाबा, वायरी उलट्या जोडल्या का?" संदीपने हळूच विचारलं.

"उलट्या नाही. पंखा उलटा होता, तो सुलटा केला."

"कोणी केला?" बाईंनी विचारलं.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी मी वर्गात उभं राहतात तसा उभा राहिलो. "मी." वैशालीने मान खाली घातली होती. ते मला बघवेना. "मी बिघडवलं, मीच नीट करतो. दहा मिनिटं थांबा."

"थांबते. दिसायला लागेपर्यंत मला तसंही घरी जाता येणार नाही."

सात मिनिटांत वायरी होत्या तशा केल्या. बाईंनी पुन्हा मिरच्या टाकल्या. धूर दोरी ओढल्यासारखा वर गेला. बाई खाली तोंड करून नाही, वर तोंड करून उभ्या राहिल्या आणि एकदाही खोकल्या नाहीत. दिवाळीच्या सुट्टीसाठी गाडी ठरवली. अट एकच घातली. पर्समधून कागद काढून सुंदर अक्षरात एक ओळ लिहिली आणि म्हणाल्या, ही पंख्याखाली कायमची लागली पाहिजे.

'हा पंखा उलटा नाही. कृपया सरळ करू नये.'

संदीपने त्याची पक्की पाटी करून आणली. आता येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ती वाचतं आणि कोणी केला होता सरळ, म्हणून विचारतं. वैशाली माझं नाव सांगते, आदराने सांगते.

पाटी बसवायचं काम मात्र मलाच दिलं. चार स्क्रूचं काम. पहिला स्क्रू लावण्याआधी पाटीची वरची बाजू कोणती, ते मी वैशालीला दोनदा विचारून घेतलं.