जिवंत माणसाची निधनवार्ता

बातमीदारीत आयुष्य गेलं. कितीतरी माणसांबद्दल लिहिलं. ही एक गोष्ट मात्र मी घरातही कधी काढली नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाच नीट ठाऊक नाही.

आधी अप्पांबद्दल. शिवलिंगप्पा, राजेश्वर गावचे भुसारी व्यापारी. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला वर्ष-दोन वर्षं झाली होती आणि मी हैदराबादच्या एका मराठी दैनिकाचा बिदरचा बातमीदार होतो. अप्पा फार आजारी आहेत असं कळलं म्हणून गेलो. रस्त्यालगतच्या त्यांच्या शेतात समाधीचा खड्डा खणणं चाललं होतं. लिंगायतांत मृताला बसवून पुरतात. खड्डा तसाच, आत कोनाडा असलेला. काठावर त्यांचे पुरोहित, जंगमस्वामी, बसलेले. आणखी काय विचारायचं? घर हाकेच्या अंतरावर होतं. मी गेलो नाही. हुमनाबादची मोटार सुटत होती.

हुमनाबादहून तार केली — अप्पा वारले. शाळेला जमीन दिली होती, हेही ऐकीव घातलं. छापून आलं.

अप्पा जिवंत होते. आत बसून माप बघायचं म्हणून खड्डा त्यांनीच खणायला लावला होता!

मेहकरचे सोयरे रडत आले, तेव्हा अप्पा ओसरीवर आंबील पीत होते. म्हणाले, "मढ्याचं घर म्हणून उपाशीच जायलाव काय? मढंच वाढायलंय, बसा जेवायला."

मी भेटायला गेलो तेव्हा मला म्हणाले, "खड्डा बघितलास, घर कामून न्हाई बघितलास?" मग हसले. "जमीन दिली म्हणून छापलास. मी तर नुसतं देतो, देतो म्हणायलो होतो. आता तुझा पेपर खोटा पाडू व्हय?"

जमीन त्यांनी दिली. बरे झाल्यावर दर सोमवारी ते त्या खड्ड्यात उतरून बसत, आणि वर आले की टाळत आणलेलं एखादं काम त्याच दिवशी उरकत. अबोला धरलेल्या भावाच्या दारी ते असेच, अंगावरच्या मातीसकट गेले. मरणाला इतकं कामाला लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण मी अजून टाळतोच आहे. माझं सांगायचं राहिलंय.

संपादकांनी खुलासा मागितला. नोकरी जाणार होती. तारा इंग्रजीत जायच्या. मी तोंडी सांगायचो आणि हुमनाबादचे तारबाबू करीमसाब मला मदत म्हणून लिहून द्यायचे. मी कळवलं — मी 'अत्यवस्थ' सांगितलं होतं, तारबाबूने 'मृत' लिहिलं. अक्षर त्यांचंच होतं. त्या दिवसांत एका मुसलमान कारकुनाचं कोण ऐकणार होतं? हे मला माहीत होतं — माहीत होतं म्हणूनच लिहिलं. त्यांची नोकरी गेली.

अप्पांनी सगळं ओळखलं. "करीमसाबचं काय करायलास?"

"बघतो, अप्पा."

"बघतो? त्या खड्ड्यात बसून म्हण बरं एकदा."

बसलो. ओल्या मातीचा वास, डोक्यावर आभाळाचा तुकडा. काय करायला हवं ते लख्ख दिसलं. वर आलो, धोतर झटकलं आणि बिदरला निघून गेलो.

पुढच्या सोमवारी अप्पांनी करीमसाबना बोलावून स्वतःच्या दुकानात ठेवून घेतलं. माझं नाव गावात कुठे घेतलं नाही.

छप्पन साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, त्याच्या आधीच अप्पा गेले. त्या वेळी मी घरात जाऊन खात्री केली. माती द्यायला करीमसाब होते. त्यांनी मला सलाम केला, मी घेतला. त्यांना सांगण्यासारखं काय होतं? त्यांना सगळं ठाऊकच होतं. सांगायचं होतं ते बाकीच्यांना — एका छोट्या खुलाशात भागलं असतं. पुढे मी त्याच दैनिकाचा संपादक झालो. काय छापायचं ते मीच ठरवत होतो. तो खुलासा मी छापला नाही.