पनामाची दिशा

स्वातंत्र्यानंतर सहा-सात वर्षांनी मी अंधेरीच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. नोकरी अजून कायम झाली नव्हती. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या सातवीच्या वर्गात विचारलं, "अटलांटिकमधून पॅसिफिकमध्ये जाताना पनामा कालव्यात जहाज कोणत्या दिशेला जातं?"

पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "आग्नेयेला."

"चूक! पश्चिमेला. कोणी शिकवलं हे?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. मुख्याध्यापक मला मानेनेच गप्प राहायला खुणावत होते. तरी मी म्हणाले, "मी शिकवलंय, साहेब. ती बरोबर आहे. तिथे जमीनच अशी वळलीय, की कालव्याचं पॅसिफिककडचं तोंड अटलांटिककडच्या तोंडाच्याही पूर्वेला येतं."

"नकाशा दाखवा."

भिंतीवरच्या नकाशात पनामा नखाएवढाही नव्हता. मुख्याध्यापकांनी मोठा ॲटलास आणला. साहेबांनी चष्मा पुसला आणि त्या पानावर बराच वेळ बोट फिरवलं.

"बस बाळ," ते मुलीला म्हणाले. "तुझं बरोबर आहे."

माझ्याकडे न बघताच ते पुढच्या वर्गात गेले. जूनमध्ये मला कायम केल्याचं पत्र मिळालं.