अज्ञात इसम

धरणकाठच्या त्या गावात अर्ज लिहावा तर सुमंगलाबाईंनीच. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या; अक्षर मोत्यासारखं आणि 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत सगळं तोंडपाठ. त्यांनी लिहिलेला अर्ज रिकाम्या हातानं परत येत नाही, असं लोक म्हणत. म्हणून तर भोयांची कस्तुराबाई त्या सकाळी त्यांच्या ओसरीवर येऊन बसली होती.

तिचं गाऱ्हाणं गावाला नवं नव्हतं. तीन वर्षांत जलपर्णीनं धरणाच्या पाण्याचं हिरवं रान करून टाकलं होतं. थर्माकोलचा तराफा आत शिरत नव्हता, जाळं टाकावं तर मुळ्यांत गुंतून फाटत होतं. वीजघराच्या जाळीत अडकली तेवढी साहेबलोकांनी मशीन लावून काढली. भोयांच्या बाजूची काढायला कोण येतंय?

सुमंगलाबाई मान हलवत ऐकत राहिल्या. चोराच्या मनात चांदणं.

तीन वर्षांपूर्वी सेलूच्या भाचीच्या हौदातून त्यांनीच एक रोप आणलं होतं. जांभळं फूल, वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा डोळा. महालक्ष्म्यांपुढं परातीत पाणी घालून ठेवलं, तर हळदीकुंकवाच्या बायका वाकून वाकून बघत होत्या. विसर्जनानंतर निर्माल्य निघालं. देवीपुढचं रोप उकिरड्यावर कसं टाकायचं? त्यांनी ते धरणात सोडलं, वर हातही जोडले. हीच बाई पोरांना फळ्यावर शिकवायची, की साचलेलं पाणी आणि शेतातून वाहून आलेलं खत मिळालं, तर एका रोपाची पंधरवड्यात दोन होतात, दोनाची चार. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पुढच्या वर्षी काठाला तीच जांभळी फुलं दिसली, तेव्हा त्या घरी येऊन न जेवता झोपल्या. पण बोलल्या नाहीत. गाव वरच्या शहरातल्या गटारांना शिव्या द्यायचं आणि त्या ऐकून घ्यायच्या. रोप टाकण्यापेक्षा या गप्प बसण्याचीच त्यांना जास्त लाज वाटायची.

तरी पेन झरझर चाललं. लिहून झाल्यावर त्यांनी सवयीनं वाचून दाखवलं, "सदर वनस्पती अज्ञात इसमाने जलाशयात टाकल्यामुळे आमच्यावर उपासमारीची वेळ आली आहे."

"इसम म्हंजे गडीमाणूस ना, बाई?" कस्तुराबाईनं विचारलं.

कोणीही माणूस, असं सुमंगलाबाईंनी सांगितलं.

"बाईमाणूस बी?"

सुमंगलाबाईंनी अंगठ्यासाठी शाईचं पॅड तिच्यापुढं सरकवलं.

"लक्ष्म्यांच्या कुंकवाला मी आल्ते तुमच्याकडं," कस्तुराबाई हळूच म्हणाली. "परातीत हेच फूल होतं. तुमच्या तोंडून निघंल म्हणून थांबले. तीन वर्सं झाली."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. सुमंगलाबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यांनी 'अज्ञात इसमाने' यावर काट मारली आणि वर आपलं नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. अक्षर वेडंवाकडं आलं.

"आता वाचा," कस्तुराबाई म्हणाली.

त्या वाचू लागल्या, पण नावापाशी येऊन अडल्या. कस्तुराबाई अंगठ्याला शाई लावून तशीच बसून राहिली. मग सुमंगलाबाईंनी पुन्हा 'महोदय'पासून सुरुवात केली.