समईवाल्या अण्णांचे दहा सूचक

ज्याचा राग यावा पण ज्याला हाकलूनही देता येऊ नये, असा एक माणूस प्रत्येकाच्या वाट्याला येत असावा. माझ्या वाट्याला गंगाधर खेतमाळीस आले. अख्खा श्रीगोंदा त्यांना समईवाले अण्णा म्हणतो.

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दाखले, सातबारे, ऑनलाइन अर्ज, सगळं करते. निवडणूक लागली की उमेदवारी अर्जही भरून देते. अण्णा रोज अकराच्या सुमाराला येतात, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसतात, माझा पेपर माझ्याआधी वाचतात आणि देश कुठं चाललाय ते मला सांगतात. देश कुठं का जाईना, अण्णा काही स्टुलावरून हलत नाहीत.

वय एकाहत्तर. साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते, उसाच्या गाड्यांची वजनं करायचे. तीस वर्षांत कुणाचं किलोभर वजन मारलं नाही, हे त्यांचे वैरीसुद्धा सांगतात. आणि पंचेचाळीस वर्षं लोकमर्यादा पक्षात. पक्षाचं चिन्ह समई. बाईनं डोक्यावरचा पदर ढळू देऊ नये, पोरीनं घरचे दाखवतील तिथं लग्न करावं, गावची रीत मोडू नये, असा हा पक्ष. मी जीन्स घालून शटर उघडते म्हणून अण्णांनी पहिले सहा महिने माझ्याकडं बघून बोलणं टाळलं होतं. पेपर मात्र माझाच वाचायचे.

एके काळी समईचा तालुक्यात दरारा होता. मग एकेक पुढारी मोठ्या पक्षांत गेला. नगरच्या जिल्हा कार्यालयात मोबाईलचं दुकान निघालं. सभेला आधी माणसं कमी झाली, मग खुर्च्या, मग सभाच. शेवटी मतं इतकी घटली की पक्षाची मान्यता गेली आणि तिच्याबरोबर समईही गेली. याचा अर्थ काय, हे अण्णांना माझ्या दुकानात समजलं. दिवाळीतच विधानसभेची निवडणूक आली होती आणि ते पक्षाच्या उमेदवाराचा अर्ज भरून घ्यायला आले होते.

"अण्णा, अर्जावर सह्या करणारे सूचक दहा लागतील," मी म्हटलं. "दहाही याच मतदारसंघातले मतदार."

"धा? आमाला एकच लागायचा."

"मान्यता असलेल्या पक्षाला एक पुरतो. तुमची गेली."

मग चिन्हांचा प्रश्न आला. तीन पसंत्या लिहायच्या होत्या. मी यादी वाचत गेले. रोडरोलर नको, कुणाच्या अंगावर घालायचाय? प्रेशर कुकर नको, त्यानं भाताची चव गेली. शिट्टी म्हटल्यावर तर ते उठूनच उभे राहिले. "शिट्टी घिऊन बायामानसांत फिरायचं? तुला काय वाटतं का?" पाऊण तास गेला. बाहेर गिऱ्हाइकं ताटकळत होती. अखेर कपबशी पहिली लिहिली. "ती निदान घरातली हाय," अण्णा म्हणाले.

उमेदवार होते रणधीरदादा. प्लॉटिंगचा धंदा. मी त्यांना दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा गाडीच्या काचेतून. धावपळ अण्णांची. ऐन दिवाळीत हा माणूस सायकलवर दारोदार सह्या गोळा करत होता. जुन्या कार्यकर्त्यांच्या यादीतले निम्मे वारलेले. उरलेल्यांत एकाचा मुलगा दुसऱ्या पक्षाचा नगरसेवक, एकाची सून अंगणवाडीत, एकाला गुडघेदुखी. सहीला गुडघा कशाला लागतो, असं मी विचारलं तर अण्णा माझ्यावरच चिडले. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी एक वाजता त्यांची स्वतःची धरून आठ सह्या झाल्या होत्या.

नववी केली रज्जाकभाईंनी. माझ्या शेजारीच त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. दर ईदेला ते अण्णांना शिरखुर्मा देऊ करायचे आणि अण्णा "शुगर हाय" म्हणून नाकारायचे. तेच अण्णा माझ्या दुकानात बसून पावशेर जिलेबी संपवायचे, हे रज्जाकभाईंना दिसत नव्हतं असं नाही. तरी त्यांनी हात पुसले आणि पेन मागितलं.

मी म्हटलं, "रज्जाकभाई, कुणाच्या कागदावर सही करताय, कळतंय ना?"

"कळतंय की. माझ्या बापाची बैलगाडी यांच्या काट्यावर जायची. वजन कधी कमी न्हाई दिलं. पक्ष गेला खड्ड्यात, मानूस खरा हाय."

नऊ झाल्या. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी मशीनकडं पाहिलं.

आता हे सांगायलाच हवं. बावीस वर्षांपूर्वी आमच्या वस्तीच्या समाजमंदिराला ग्रामपंचायतीनं जागा दिली, तेव्हा समईवाल्यांनी विरोधाचं निवेदन दिलं. त्यावर पहिली सही गंगाधर खेतमाळीस यांची. माझे वडील, रंभाजी, त्या जागेसाठी अकरा वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होते. स्लॅब पडायच्या आधी गेले. बाबासाहेबांची तसबीर लागलेली त्यांनी पाहिली नाही.

हे मी अण्णांना तोंडावर सांगितलं. आवाज चढला होता, बाहेरचे लोक वळून बघत होते.

"व्हय," अण्णा म्हणाले. "माजीच सही. पक्षाचा आदेश हुता."

"तुम्हाला स्वतःला पटलं होतं?"

"कुनी इचारलं न्हवतं," ते म्हणाले.

अशा माणसाचं करायचं काय? माफी मागितली असती तर मी हाकलून दिलं असतं. भांडले असते तरी हाकलून दिलं असतं. ते नुसते उभे राहिले, आणि घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झालेली. मी त्यांच्या हातातून कागद हिसकला आणि सही ठोकली. घरी आई, बनाबाई, म्हणाली, "तुजा बाप त्या जागेपायी झिजला आन् तू त्यांच्याच कागदावर सही करून आलीस?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिचं काही चुकलं नव्हतं.

छाननीत अर्ज टिकला. अण्णा हरखून गेले. त्या दिवशी त्यांनी रज्जाकभाईंचा चहा घेतला, बिस्किटासकट. रोज मतदारयादी उघडून वाड्यावस्त्यांची गणितं मांडत बसले. अनामत जप्त होणार हे शेंबडं पोरही सांगत होतं, पण अण्णांना त्याचं काही नव्हतं. मतदानाच्या मशीनवर आपल्या पक्षाचं नाव दिसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला, रणधीरदादांचा ड्रायव्हर एक पाकीट देऊन गेला. आत माघारीचा अर्ज, दादांच्या सहीचा, आणि सोबत पत्र, की माझे सूचक गंगाधर खेतमाळीस यांना हा अर्ज दाखल करण्याचा अधिकार देत आहे. उमेदवार स्वतः नाही आला तरी सूचकाच्या हातून अर्ज मागं घेता येतो, तसा नियमच आहे. अण्णांनी फोन लावला. स्पीकरवर दादांचा आवाज अख्ख्या दुकानानं ऐकला.

"अण्णा, वरून आदेश आहे. पुढचं काय ते कळवतो. तुमच्या हातानं झालं म्हणजे कार्यकर्ते नाराज होत नाहीत."

कुठले कार्यकर्ते? सगळे कार्यकर्ते माझ्या स्टुलावर बसले होते!

मी टेबलामागून बाहेर आले आणि अण्णांच्या पुढ्यात उभी राहिले. "अण्णा, ऐका. तीन वाजता मुदत संपते. काही करू नका, नुसतं इथं बसा. तीनवर एक मिनिट झालं की नाव पक्कं. मग ब्रह्मदेव आला तरी ते निघत नाही."

रज्जाकभाई टायर टाकून आले. "बसा हो अण्णा. चहा मागवतो."

अण्णा बसले. पाकीट मांडीवर ठेवलं. दोन वाजले. सव्वादोन झाले. मला वाटलं, जमलं. अडीचला ते उठले आणि म्हणाले, "याची झेरॉक्स काढ. कागद द्यायच्या आधी एक नक्कल आपल्यापाशी ठिवावी."

"मशीन बंद पडलंय," मी म्हणाले.

ते पुन्हा बसले. झेरॉक्सशिवाय कागद पुढं सरकवायचा नाही, ही त्यांची काट्यावरची सवय. ती मला ठाऊक होती, म्हणूनच मी खोटं बोलले. तहसीलच्या आवारात दुसरं झेरॉक्स नाही आणि बाजारात जाऊन यायला त्यांना अर्धा तास लागतो. तेवढा अर्धा तासच काढायचा होता. मी ड्रॉवर आवरायला लागले. पावणेतीनला एक बाई घाईघाईनं आल्या, "आधारच्या दोन काढा ओ," म्हणाल्या, आणि माझ्या या मेल्या हातानं कार्ड घेऊन काचेवर ठेवलं आणि बटण दाबलं. पंधरा वर्षांची सवय. दोन प्रती सरसर बाहेर आल्या.

बाई गेल्यावर अण्णांनी पाकिटातला कागद काढला आणि काचेवर नीट सरळ करून ठेवला.

"अण्णा, नका ना करू. पंचेचाळीस वर्षं झाली."

"म्हनून तर," ते म्हणाले. "आता एका दिवसापायी आदेश मोडू व्हय?"

मी प्रत काढून दिली. द्यायला नको होती, हे तेव्हाही कळत होतं. पाच मिनिटं उरली असताना ते रस्ता ओलांडून कचेरीत गेले. रज्जाकभाईंनी मागवलेला चहा स्टुलावर तसाच निवला. त्या दिवशी मी येईल त्या गिऱ्हाइकावर खेकसत होते.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा सायकलवर सूचकांच्या घरी गेले. प्रत्येकाला सांगितलं, तुमची सही वाया गेली, माफ करा. माझ्याकडं अकराला आलेच, पण पेपर उघडला नाही. स्टुलावर बसून फोन हातात धरून ठेवायचे. पुढचं कळवतो, असं दादा म्हणाले होते ना. पंधरा दिवस हेच. रिक्षांवरच्या प्रचाराच्या भोंग्यांनी माझे कान किटले, अण्णांचा फोन मात्र वाजला नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी मीच पेपर त्यांच्यापुढं धरला. पहिल्या पानावर लोकमर्यादाचे राज्याचे अध्यक्ष एका पक्षाच्या व्यासपीठावर हार घालून घेत होते. आतल्या पानावर रणधीरदादा त्याच पक्षाच्या विरोधकांच्या व्यासपीठावर, तसाच हार घालून हसत.

अण्णांनी दोन्ही फोटो पाहिले. परत पहिलं पान पाहिलं, परत आतलं काढलं.

"आदेश म्हनून कुनाचा धरायचा?" त्यांनी विचारलं.

मला इतका संताप आला की पेपर मी टेबलावर आपटला. "कुणाचाच धरू नका! एकाहत्तर वर्षांचे आहात अण्णा. आयुष्यात एकदा तरी स्वतः ठरवा की कुणाला मत द्यायचं!"

त्यांना राग आला नाही. ते चेष्टाही करत नव्हते. त्यांनी फोन खिशात ठेवला, स्टूल माझ्या टेबलाजवळ ओढलं आणि अर्ज कसा भरायचा हे विचारतात त्या आवाजात विचारलं,

"ते कसं ठरवत्यात गं, अश्विनी?"